ताकाची वाटी आणि मधुमेह्याचे मूत्रपिंड

(देवालयाच्या सभामंडपात महाजन कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जत्रेची सांगता गवळणकाल्याने होते. प्रांगणात दहीहंडी फुटते, दही-पोह्यांचा काला ओंजळीत पडतो आणि बोटे चाटीतच मंडळी घराकडे वळतात. नरकचतुर्दशीच्या सकाळी गोमंतकीय घरात पोह्यांचे जे नाना प्रकार होतात, त्यांत ताकातले पोहे नसतील तर दिवाळी उजाडल्यासारखी वाटत नाही. देवाच्या अभिषेकाला पंचामृत हवे, आणि पंचामृताला दही हवे. गाभाऱ्यापासून माजघरापर्यंत ज्या पदार्थाचा असा अधिकार चालतो, तो पदार्थ मधुमेह्याच्या मूत्रपिंडाला तारतो असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवण्यास महाजन घराणी एका पायावर तयार असतात. या विश्वासात खरे किती आणि धोक्याचे किती, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम एका गृहस्थांची हकीगत. ते येथल्याच परिसरातले, सत्तरीकडे झुकलेले, सरळमार्गी आणि देवभक्त. मधुमेह जडून पंधरा वर्षे झालेली. गोळ्या नियमित घेत, गोड खात नसत आणि रोज सकाळी अंगणात फेऱ्या घालीत. पुढे कोठेतरी त्यांच्या कानावर आले की, आंबवलेल्या पदार्थांतील सूक्ष्मजंतू मूत्रपिंड दुरुस्त करतात. गृहस्थ मनाचे पक्के. त्यांनी दुपारच्या जेवणाला मीठ, जिरे घातलेले तांब्याभर ताक, रात्रीच्या पेजेबरोबर खारातला आंबा आणि न्याहारीला आंबोळी असा नेम धरला. जिभेवरील साखर गेली आणि आंबट आले, तेव्हा रोगही मागे हटत असला पाहिजे, असा त्यांचा हिशेब. डॉक्टरांनी लिहून दिलेली लघवीची तपासणी दोन वर्षे राहूनच गेली. पालखीच्या दिवशी अनवाणी चालताना पावलांवर सूज दिसली, ती त्यांनी उभे राहण्यावर घातली. सूनबाईंनी मात्र बोटाने दाबून पाहिले, तर खड्डा पडला आणि भरून येईना. तिसऱ्या दिवशी रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनीन ४.६ भरले, रक्तदाब १७० च्या वर होता. ताकाने त्यांचे मूत्रपिंड बिघडविले असे कोणीही म्हणणार नाही. परंतु ताकावर भिस्त ठेवून जी दोन वर्षे गेली, ती परत मिळण्यासारखी नव्हती.

ही एकट्या घरची गोष्ट नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत सबंध देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण शेकडा ११.४, तर गोव्यात शेकडा २६.४ आढळले. सर्व राज्यांत हे प्रमाण अधिक. म्हणजे प्रसादाच्या पंगतीत चार प्रौढ बसले तर त्यांतला एक मधुमेही असतो, असे समजावयास हरकत नाही. आणि मधुमेह्यांपैकी दहात तीन ते चार जणांच्या मूत्रपिंडाला पुढेमागे इजा पोहोचते.

मूत्रपिंडाचे कार्य समजल्याखेरीज ताकाचा विचार करणे व्यर्थ. पाठीच्या कण्याच्या दोहो बाजूंस असलेली ही मुठीएवढी दोन इंद्रिये. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव त्यांतून गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सर्व शरीरास परत मिळतो. रक्तात साखर वाढली की या गाळण्यांवरील दाब वाढतो आणि त्या नेहमीपेक्षा अधिकच काम करू लागतात. गंमत अशी की, या पहिल्या अवस्थेत कागदावरचे आकडे उत्तम दिसतात. पुढे गाळणीची वीण सैल पडते आणि रक्तात राहावयाचे अल्ब्युमीन नावाचे प्रथिन लघवीवाटे पाझरू लागते. या काळात ना दुखते, ना खुपते, ना भूक मंदावते. क्रिएटिनीन वाढलेले दिसू लागते तोपर्यंत निम्म्याच्या आसपास कार्यशक्ती खर्ची पडलेली असते. चोर माजघरात शिरून वर्ष लोटले तरी कुत्रा भुंकत नाही, असा हा प्रकार आहे.

इतिहासही येथे बोलका आहे. कॅनडात टोरांटो येथे १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलीन मिळविले आणि जे रुग्ण वर्षा-दोन वर्षांत दगावत ते दीर्घकाळ जगू लागले. त्यानंतर १९३६ साली किमेलस्टील आणि विल्सन या दोघा शास्त्रज्ञांनी मधुमेह्यांच्या गाळण्यांत साचलेल्या विशिष्ट गाठींचे वर्णन केले. औषधाने आयुष्य वाढविले, आणि वाढलेल्या आयुष्याने हा नवा शत्रू उजेडात आणला. लघवीत अत्यल्प प्रमाणात जाणारे अल्ब्युमीन मोजण्याची रीत १९६० नंतरच्या दशकात लंडनमध्ये हॅरी कीन यांनी घालून दिली. त्याच रीतीवर आजची तपासणी उभी आहे.

आता आतड्याकडे वळू. दूध आंबण्यामागे सजीव सूक्ष्मजंतू असतात हे लुई पाश्चरने १८५७ साली दाखविले. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने असा सिद्धांत मांडला की, मोठ्या आतड्यात अन्न कुजून जी विषे तयार होतात ती माणसास अकाली वृद्ध करतात, आणि दह्यातील जंतू ही कुजण्याची क्रिया रोखतात. बल्गेरियातील शेतकरी दीर्घायुषी असतात ते आंबट दुधामुळे, असे त्याचे मत होते. त्याला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ते रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनाबद्दल होते, दह्याबद्दल नव्हे. तो स्वतः नेमाने आंबट दूध घेई आणि ७१ व्या वर्षी वारला. यावरून दह्याची निंदाही करू नये आणि स्तुतीही.

तथापि मेचनिकॉफच्या म्हणण्यातील एक धागा शंभर वर्षांनंतर खरा ठरला आहे. मांस, मासे, डाळी यांतील प्रथिनांचा जो भाग वरच्या आतड्यात पचत नाही तो मोठ्या आतड्यात उतरतो. तेथील काही जंतू त्यापासून इंडोल आणि क्रेसोल ही द्रव्ये तयार करतात. यकृत त्यांचे रूपांतर करते आणि निरोगी मूत्रपिंड त्यांस बाहेर टाकते. मूत्रपिंड दुबळे झाले की हीच द्रव्ये रक्तात साठतात आणि रक्तवाहिन्यांना व उरलेल्या गाळण्यांना जाचतात. उलट बाजूनेही वाहतूक चालते. रक्तातील वाढलेला यूरिया आतड्यात झिरपतो, तेथे त्याचा अमोनिया बनतो, आतड्याचे अस्तर कमजोर होते आणि हितकारक जंतूंची वस्ती उठून दुसऱ्यांची बसते. त्यात बद्धकोष्ठता असेल तर कुजण्यास अधिक सवड मिळते. एवंच, आतड्याचा आणि मूत्रपिंडाचा संबंध कल्पनेतला नाही. चांगल्या जंतूंची भर घालून ही विषे कमी करता येतील काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी विचारला तो योग्यच होता.

उत्तर काय मिळाले? इराणातील काही लहान प्रयोगांत मधुमेही मूत्रपिंडरोग्यांना विशिष्ट जंतू घातलेले सोयाबीनचे दूध सुमारे आठ आठवडे दिले, आणि अल्ब्युमीनचे पाझरणे व इतर काही आकडे थोडेफार सुधारलेले दिसले. ऑस्ट्रेलियात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मूत्रपिंडाच्या रोग्यांना जंतू आणि त्यांचे खाद्य अशी दोन्ही दिली. क्रेसोलपासून होणारे विष रक्तात घटले. इंडोलच्या विषात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२१ साली जाहीर केलेल्या अभ्यासात दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्लेल्या लोकांच्या आतड्यातील जंतूंची विविधता वाढली आणि शरीरातील दाहाच्या काही खुणा उतरल्या. पण ही सर्व माणसे निरोगी होती. पुढे २०२३ साली कॉक्रन या संस्थेने मूत्रपिंडरोग्यांवरील असे सर्व प्रयोग एकत्र तपासले आणि खात्रीलायक निष्कर्ष काढण्याजोगा पुरावा नाही असे सांगितले. डायलिसिस टळले किंवा आयुष्य वाढले असे कोणी दाखवू शकलेले नाही. शिवाय हे प्रयोग काही डझन माणसांवरचे आणि काही आठवड्यांचे. मधुमेह मात्र तीस वर्षे सोबत करतो.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दह्याच्या डब्यावर, नियमित दही खाल्ल्याने प्रौढपणीच्या मधुमेहाचा संभव कमी होऊ शकेल, पण पुरावा मर्यादित आहे, असे छापण्यास मुभा दिली. यातला 'मर्यादित' हा शब्द जाहिरातीत बारीक अक्षरात येतो आणि कानी पडताना गळून जातो. वस्तुतः तेथे मधुमेह होण्यापूर्वीचा विचार आहे. झालेल्या मधुमेहाच्या मूत्रपिंडाशी त्याचा संबंध नाही.

आणखी एक घोटाळा शब्दांचा आहे. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली 'प्रोबायोटिक' या शब्दाची व्याख्या ठरविली. तीनुसार जंतू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने हवेत आणि त्यांच्यापासून होणारा लाभ सिद्ध झालेला हवा. या तिन्ही कसोट्यांना आपल्या स्वयंपाकघरातले पदार्थ लावून पाहावेत. इडली, आंबोळी, सान्ना यांचे पीठ रात्रभर आंबते, फुगते. परंतु वाफेवर वा तव्यावर जाताच जंतू मरतात. पूर्वी पोदेर पाव फुगविण्यासाठी माडाची सूर वापरीत आणि सान्नांनाही सूर घालीत. भट्टीत आणि वाफेत तेथेही तीच गत होई. हे पदार्थ आंबल्याने पचनास हलके होतात, त्यांचा स्वाद वाढतो. पण जिवंत जंतू त्यांत उरत नाहीत. आणि तांदूळ आंबला तरी तांदूळच. चार इडल्यांनी रक्तातील साखर चढावयाची ती चढतेच. नाचण्याची आंबील आंबवल्यानंतर शिजविली तर तिलाही हाच न्याय लागू पडतो.

दही आणि ताक यांत जंतू जिवंत असतात यात शंका नाही. मात्र घरोघरचे विरजण निराळे, आणि पावसाळ्यातले दही उन्हाळ्यातल्या दह्यासारखे नसते. प्रयोगशाळेत ज्या विशिष्ट जंतूची परीक्षा झाली तोच शेजारणीकडून आणलेल्या विरजणात असेल असे म्हणता येत नाही. आंबटपणा म्हणजे साखरेचा अभाव, ही समजूतही सोडावी. विरजताना दुधातील साखरेचा काही अंशच आम्लात बदलतो. श्रीखंड दह्याचेच, पण त्यात साखर किती ते करणारणीला ठाऊक असते. बाजारातील छोट्या बाटल्यांतल्या गोड पेयांचे वेष्टनही वाचून घ्यावे.

चरकसंहितेने हा विषय फार पूर्वी हाताळला आहे, हे येथे सांगितले पाहिजे. चिकित्सास्थानात प्रमेहाची कारणे देताना आरामात बसून राहणे, फार झोपणे, नवे धान्य, गुळाचे पदार्थ यांच्या जोडीला दह्याचेही नाव घेतले आहे. त्याच ग्रंथात मूळव्याध आणि ग्रहणी या विकारांत ताकाची मोठी प्रशंसा आहे. जे दह्यास लागू ते ताकास नाही, आणि जे एका रोगात हितकर ते दुसऱ्यात नाही, एवढा विवेक त्या काळच्या वैद्यांना होता. 'आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पूर्वजांनी नेमके काय लिहिले ते उघडून पाहणारे थोडे.

आता मिठाविषयी. खरा धोका येथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सपाट चमचाभराहूनही कमी. यात आमटीतले, भाजीतले, पावातले, सारे मीठ आले. लोणच्यात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके मीठ असणे नवलाचे नाही. तेव्हा १५ ग्रॅमची एक फोड पानात आली की दीड ग्रॅम मीठ पोटात गेले. चेपणीचे तोर, खारातले आंबे, मिस्कूट, मांसाहारी घरांतील खारे मासे, त्यावर मीठ घातलेले ताक आणि पापड, इतके सारे एका पानात असेल तर दिवसाचा वाटा एका जेवणातच संपतो. मिठाने रक्तदाब चढतो, चढलेला दाब गाळण्या फाडतो आणि रक्तदाबाच्या ज्या गोळ्या मूत्रपिंडाचे रक्षण करतात त्यांचा गुणही मीठ कमी करते. दाट खारात जंतूही फारसे तगत नाहीत. म्हणजे खारातल्या आंब्यात लाभ नाममात्र आणि हानी रोकडी. वर सांगितलेल्या गृहस्थांची चूक ताकात नव्हती. ती ताकातल्या मिठात आणि सोबतच्या खारात होती.

लोणच्याच्या ओघात करमलाविषयी इशारा देणे अगत्याचे आहे. पाच कंगोऱ्यांचे हे फळ गोमंतकात फार जुने. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. निरोगी माणसाने त्याच्या चार फोडी चाखल्या तर बिघडत नाही. पण ज्यांचे मूत्रपिंड निकामी होत आले आहे त्यांना ते विषासमान आहे. त्यातले एक द्रव्य मेंदूवर परिणाम करते. आधी न थांबणारी उचकी, मग गोंधळ, मग झटके, असा क्रम आढळला आहे आणि ब्राझीलमधील डायलिसिसच्या रोग्यांत मृत्यूही घडले आहेत. ताजे, रसाचे, लोणच्याचे, कोणत्याही रूपात अशा रोग्याने ते वर्ज्य करावे. बिंबलांचा कच्चा रस कोलेस्टेरॉल उतरविण्यासाठी पिऊन मूत्रपिंड अचानक बंद पडल्याची उदाहरणे केरळात नोंदली गेली आहेत. तो उपचारही कोणी करू नये. सांधेदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने घेणारे तर प्रत्येक वाड्यावर सापडतील. त्यांनी मूत्रपिंडाला जी इजा होते ती कोणतेही ताक भरून काढीत नाही.

मग खरोखर काय उपयोगी पडते? येथे पुरावा भक्कम आहे आणि तो हजारो रोग्यांवरचा आहे. ब्रिटनमधील दीर्घ अभ्यासाने १९९८ साली दाखविले की साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार घटतात. लोसार्टानसारखी औषधे अल्ब्युमीन पाझरणाऱ्या मधुमेह्यांचे मूत्रपिंड अधिक काळ टिकवितात हे २००१ साली सिद्ध झाले. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांनी हेच कार्य होते असे २०१९ साली, आणि सेमाग्लुटाइड या इंजेक्शनाने होते असे २०२४ साली दिसून आले. कोणाला कोणते औषध द्यावे हे डॉक्टरांनी ठरवावयाचे. परंतु विचारण्याचा अधिकार रोग्याचा आहे आणि तो संकोच न धरता वापरावा. तपासण्या दोनच: वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमीन व क्रिएटिनीन यांचे गुणोत्तर, आणि रक्तातील क्रिएटिनीन व त्यावरून काढलेला गाळण्याचा वेग. गुणोत्तर ३० च्या आत असावे. ३० ते ३०० हा सावध करणारा टप्पा. त्यापुढे गळती मोठी. एकदा अधिक आले म्हणून घाबरू नये, तीन-सहा महिन्यांत पुन्हा पाहावे. प्रौढपणीच्या मधुमेहात ही तपासणी निदानाच्या दिवसापासूनच सुरू करावी लागते, कारण रोग केव्हा शिरला हे कोणालाच ठाऊक नसते.

तर ताक सोडावे काय? मुळीच नाही. ज्याचे मूत्रपिंड शाबूत आहे त्या मधुमेह्याने दुपारी वाटीभर साय काढलेले, बिनमिठाचे ताक अवश्य घ्यावे. कोथिंबीर, आले, जिरे यांनी मिठाची उणीव भासत नाही. आतड्यातील चांगल्या जंतूंना पालेभाज्या, शेंगा, डाळी यांतला चोथा लागतो, तोही विसरू नये. मूत्रपिंडाचे कार्य बरेच उतरले असेल तर हिशेब पालटतो. दह्यातील फॉस्फरस आणि पोटॅशियम मोजावे लागतात, शहाळ्याचे पाणी तर बंदच करावे लागते, आणि ज्याला पाणी मोजून दिले आहे त्याच्या ताकाची वाटी त्या पाण्यातच धरावी लागते. ज्यांचे मूत्रपिंड बदलले आहे किंवा ज्यांच्या मानेत डायलिसिसची नळी बसविली आहे, त्यांनी जंतूंच्या पुड्या आणि गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. दुबळ्या शरीरात हितकारक जंतूही क्वचित रक्तात शिरतो.

समाराधनेच्या पंगतीविषयी समितीपुढे एक सूचना विचारार्थ ठेवण्यासारखी आहे. खतखते, मणगणे, सोलकढी जशी आहेत तशीच असावीत. देवाच्या घरच्या जेवणाला कोणी वैद्यकशाळा करू नये. परंतु लोणचे आणि पापड सरसकट पानात न वाढता मागेल त्यालाच द्यावेत, आणि ताक बिनमिठाचे करून मीठ वेगळे ठेवावे. वाढप्यांना याचा त्रास नाही आणि खर्च तर उलट कमीच होईल.

आरंभी उल्लेखिलेले गृहस्थ हयात आहेत. त्यांचे डायलिसिस अद्याप लागलेले नाही. रक्तदाबाच्या दोन गोळ्या, मोजके मीठ आणि तीन महिन्यांनी तपासणी, असा क्रम चालू आहे. क्रिएटिनीन उतरले नाही, पण ते वाढण्याचा वेग मंदावला आहे. ताक त्यांना मिळते; अर्धी वाटी, बिनमिठाचे, सूनबाईंनी पाण्याच्या हिशेबात लिहून ठेवलेले. यंदाच्या गवळणकाल्याला ते खांबाला टेकून बसले होते. प्रसाद वाटणाऱ्या मुलाने नेहमीप्रमाणे ओंजळ भरून काला पुढे केला, तेव्हा त्यांनी त्यातले दोन पोहे उचलून तोंडात टाकले, ओंजळ कपाळाला लावली आणि बाकीचा प्रसाद शेजारी बसलेल्या नातवाच्या हातात दिला.